चार लोकांचं मानसशास्त्र

नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्याच्या रस्त्यात उभे राहा आणि काही न बोलता आभाळाकडे टक लावून बघा. वर काहीही नसलं तरी चालेल, फक्त मिनिटभर मान खाली घालायची नाही. दुसऱ्या दिवशी हाच उद्योग मित्रांची अख्खी टोळी घेऊन करा. दोन्ही दिवशी किती जणांनी माना वर केल्या ते मोजायला एकाला बाजूच्या टपरीवर बसवा. झाला तुमचा सामाजिक मानसशास्त्रातला पहिला प्रयोग, एक रुपया न खर्चता.

१९६९ साली स्टॅन्ली मिलग्रॅम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या फुटपाथवर नेमकं हेच केलं. एकटा माणूस समोरच्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावरच्या खिडकीकडे बघत उभा राहिला, तेव्हा जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी ४२ टक्क्यांनी वर पाहिलं, पण थांबले फक्त ४ टक्के. पंधरा जण बघत उभे राहिले, तेव्हा ८६ टक्क्यांच्या माना वर गेल्या आणि ४० टक्के जागीच थबकले. खिडकीत बघण्यासारखं काहीही नव्हतं.

‘चार लोक काय म्हणतील’ हे वाक्य ऐकल्याशिवाय आपल्याकडे कुणी लहानाचं मोठं होत नाही. या चार लोकांमुळे आपण काय करतो, काय करायचं टाळतो, कुणाला आपलं म्हणतो आणि कुणाला परकं, याचा पुराव्यानिशी शोध म्हणजे सामाजिक मानसशास्त्र. नंदुरबारच्या कॉलेजात बी.ए.ला बसलेल्या मुलामुलींना पुस्तक उघडलं की येल, स्टॅनफर्ड, न्यूयॉर्क भेटतं आणि हा विषय तिकडच्या लोकांचा वाटायला लागतो. तसं मुळीच नाही. एन. एन. सेनगुप्ता आणि राधाकमल मुखर्जी यांनी ‘इंट्रोडक्शन टू सोशल सायकॉलॉजी’ हे पुस्तक लिहिलं ते १९२८ साली. म्हणजे या विषयाचं भारतीय पाठ्यपुस्तक शंभरीला टेकलंय. आणि या शास्त्रातले काही सर्वांत महत्त्वाचे धागे बिहार, म्हैसूर, उत्तर प्रदेश इथून निघालेत. ते धानोऱ्याच्या मुलांना कुणी सांगायला हवेत, म्हणून हा खटाटोप.

झुरळांनाही प्रेक्षक लागतात

आधी गंमत. अमेरिकेत नॉर्मन ट्रिप्लेटने १८९८ मध्ये सायकलस्वारांच्या नोंदी तपासल्या. एकट्याने सायकल मारणाऱ्यापेक्षा जोडीला कुणी असलेला जास्त वेगाने जातो, असं त्याला दिसलं. मग लोकांनी उलटेही दाखले दिले: प्रेक्षक असले की माणूस गडबडतो, पाठ केलेलं विसरतो. खरं काय? रॉबर्ट झायन्सने १९६९ मध्ये चक्क झुरळं घेतली. सरळ वाट दिली तर बघायला इतर झुरळं असताना ती जास्त जोरात पळाली. वळणाची, चकव्याची वाट दिली तर प्रेक्षकांसमोर त्यांना जास्त वेळ लागला.

सरावाचं काम गर्दीत खुलतं, नवखं काम गर्दीत बिघडतं. कबड्डीत मुरलेला चढाईपटू शिट्ट्या वाजल्या की पेटतो आणि तोच मुलगा तोंडी परीक्षेत तीन सर समोर बसले की स्वतःचा विषयसुद्धा विसरतो, त्याचं उत्तर इथे आहे. सेमिनारची तालीम आधी एकट्याने, तोंडात बसेपर्यंत करायची आणि मगच मित्रांसमोर. उलटा क्रम लावला की फसतं.

एक साथीदार पुरतो

सॉलोमन अ‍ॅशचा प्रयोग परीक्षेला हमखास येतो, पण त्यातला सर्वांत भारी भाग बहुतेक गाईडं गाळतात.

प्रयोग असा: एक रेघ दाखवायची, शेजारी तीन रेघा, त्यातली कुठली पहिलीएवढी लांब ते मोठ्याने सांगायचं. शाळकरी पोरही चुकणार नाही. पण खोलीतले बाकी सगळे अ‍ॅशने आधीच पढवून बसवलेले, आणि ते ठरवून चुकीचं उत्तर देतात. तुमचा नंबर जवळजवळ शेवटी. १९५०च्या दशकातल्या या प्रयोगांत जिथे सगळे चुकत होते तिथे सुमारे ३७ टक्के वेळा खऱ्या सहभागीनेही तेच चुकीचं उत्तर दिलं. सुमारे तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी झुकले.

आता गाळलेला भाग. अ‍ॅशने त्या गटात एकच माणूस खरं बोलणारा ठेवला. एकच! चुकीची उत्तरं ५ टक्क्यांच्या आसपास घसरली. मिलग्रॅमच्या विजेच्या झटक्यांच्या गाजलेल्या प्रयोगातही तेच दिसतं. ४०पैकी २६ जण ‘प्रयोग चालू ठेवा’ एवढ्या सांगण्यावरून दुसऱ्या माणसाला झटके देत ४५० व्होल्टपर्यंत गेले, हे सगळ्यांना पाठ असतं. पण दुसऱ्या एका फेरीत शेजारी बसलेले दोघे जण मध्येच ‘आम्ही नाही करणार’ म्हणून उठले, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे ४०पैकी चारच उरले. झटके खोटे होते, त्या चाळीस माणसांची घालमेल मात्र खरी होती.

९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या रस्त्यावर तिरंगा घेऊन निघालेला शिरीषकुमार मेहता पंधरा वर्षांचा होता. पोलिसांच्या बंदुकांपुढे तो हटला नाही, आणि त्या दिवशी त्याच्यासोबत लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम हे त्याचे साथीही गेले. त्यांच्या स्मारकावरून जाता-येता आपण एकट्याचं नाव घेतो. मला मात्र त्या पाचांचा ‘पाच’पणा फार मोठा वाटतो. गर्दीविरुद्ध, सत्तेविरुद्ध उभं राहायला माणसाला फौज लागत नाही. बाजूला एक-दोन खांदे हवेत, एवढं अ‍ॅशने दहाएक वर्षांनी प्रयोगशाळेत मोजलं.

रुमालाखालचा सौदा

बैलबाजारात भाव कसा ठरतो ते कधी जवळून बघितलंय? घेणारा आणि विकणारा समोरासमोर उभे. दोघांचे उजवे हात एका रुमालाखाली किंवा उपरण्याखाली. घेणारा बोटं धरतो, दाबतो. विकणारा मान हलवतो. पुन्हा दोन बोटं. चेहरे कोरे. भोवती दहा-बारा माणसं उभी असतात, दलाल मध्येच खांद्यावर थाप मारतो, पण आकडा कुणाच्या कानावर पडत नाही.

अ‍ॅशच्या प्रयोगाची एक फेरी अशी होती की खऱ्या सहभागीने इतरांची उत्तरं ऐकायची, पण स्वतःचं उत्तर बोलायचं नाही, कागदावर लिहायचं. चुकीच्या मताला मान तुकवणं लगेच घटलं. बोलणं चारचौघांत असतं, लिहिणं आपल्यापुरतं. रुमाल हेच काम करतो: भोवतालच्यांच्या तोंडावरचे भाव आणि ‘अरे एवढे?’ हा सूर सौद्यात शिरू देत नाही. मतदान केंद्रातला पुठ्ठ्याचा आडोसा याच कारणासाठी आहे. बैलबाजारातल्या माणसांनी हे शहाणपण कुठल्या विद्यापीठात न जाता बांधलं.

रस्सीखेच आणि इर्जिक

सामाजिक मानसशास्त्रातला एक अगदी सुरुवातीचा प्रयोग केला तो शेतीच्या माणसाने. मॅक्स रिंगेलमान हा फ्रान्समधला कृषी अभियंता. माणसं, बैल, यंत्रं किती जोर लावतात हे तो मोजत होता. त्याचे आकडे १९१३ साली छापून आले. एकटा माणूस दोर ओढताना जेवढा जोर लावतो तो १०० धरला, तर दोघे मिळून ओढताना प्रत्येकी ९३ पडतो, तिघांत ८५ आणि आठ जण झाले की प्रत्येकी फक्त ४९. आठ माणसं, जोर चौघांचा.

यातला थोडा तोटा ताल न जमल्याचा. पण १९७९ मध्ये बिब लाटाने आणि सहकाऱ्यांनी लोकांच्या डोळ्यांवर पट्टी आणि कानांवर हेडफोन लावून ओरडायला लावलं. ‘तुमच्याबरोबर आणखी पाच जण ओरडताहेत’ एवढं नुसतं सांगितलं, तरी माणसांचा आवाज खाली आला. ग्रुप प्रोजेक्टमध्ये एकटी मुलगी रात्र जागते आणि मुखपृष्ठावर सहा नावं झळकतात, ते हेच.

मग इर्जिक कशी चालते? गावातले शेतकरी औतं घेऊन एकाच्या शेतावर उतरतात, दिवसभर काम उरकतात, संध्याकाळी जेवण. सावडीत आज माझ्या शेतात, उद्या तुझ्या. सातपुड्यातल्या, नर्मदाकाठच्या पाड्यांवर याच रीतीला लाह म्हणतात. रिंगेलमानच्या हिशेबाने तिथे अर्ध्या लोकांनी बांधावर बसून राहायला हवं.

ते बसत नाहीत याचं उत्तरही याच शास्त्रात आहे. १९८१ मध्ये याच संशोधकांनी दाखवलं की प्रत्येकाचं काम वेगळं ओळखू येणार असलं की गटातला आळस विरतो. लावणीत कुणाची ओळ वाकडी ते शेवटच्या टोकाला उभ्या म्हातारीलाही दिसतं. शिवाय परवा हीच माणसं तुमच्या शेतावर येणार आहेत. ख्रिस्तोफर अर्लीने १९८९ मध्ये चिनी आणि अमेरिकन व्यवस्थापकांची तुलना केली, तेव्हा अमेरिकन गटात ढिले पडले, चिनी पडले नाहीत. ‘माणूस गटात आळशी होतो’ हे वाक्य म्हणून अर्धंच लिहावं. अनोळखी गटात, नाव न कळता काम असेल तर होतो.

झेरॉक्सच्या रांगेत

फॉर्म भरायचा शेवटचा दिवस, झेरॉक्सच्या दुकानात ही गर्दी. पुढे घुसायचंय. काय म्हणाल?

एलेन लँगरने १९७८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग: ‘पाच पानं आहेत, आधी काढू का?’ एवढंच विचारलं तर ६० टक्के लोकांनी वाट दिली. ‘मला घाई आहे म्हणून’ जोडलं तर ९४ टक्क्यांनी. आणि ‘मला कॉपी काढायच्या आहेत म्हणून’ असं म्हटलं तर? हे काही कारण झालं का? पण ९३ टक्क्यांनी वाट दिली! पानं वीस झाली तेव्हा मात्र पोकळ कारण चाललं नाही, खरं कारणच लागलं. छोट्या गोष्टीत आपण ‘म्हणून’ ऐकतो आणि पुढचं ऐकतच नाही.

शेजारच्या खोलीतली मैत्री

वसतिगृहात जिवलग मैत्रीण कशी ठरते? स्वभाव, आवड, विचार... आणि खोलीचा नंबर. १९५०चा फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक यांचा अभ्यास एका विद्यार्थी-वसाहतीतला. लगतच्या घरातल्यांना ४१ टक्के लोकांनी जवळचे मित्र म्हटलं, एक घर सोडून पलीकडच्यांना २२ टक्क्यांनी, मजल्याच्या दुसऱ्या टोकाच्यांना १० टक्क्यांनी. सगळं अंतर मिळून काही पावलांचं. वॉर्डन खोल्या वाटताना जी यादी करते, तिच्यात पुढच्या चाळीस वर्षांच्या मैत्र्या लिहिलेल्या असतात. एका जातीच्या, एका तालुक्याच्या मुली एकत्र ठेवण्याचा सोयीचा मार्ग तिने टाळावा, असं मला मनापासून वाटतं.

भूकंप, गणपती आणि एक काळा रविवार

आता अफवा. या विषयात भारताने जगाला जे दिलं ते फार थोड्यांना माहीत आहे.

१५ जानेवारी १९३४, बिहारचा महाभूकंप. पाटण्याच्या आसपास धक्के जोरात बसले, पण नासधूस तुलनेने थोडी. जमुना प्रसाद यांनी तिथे पसरलेल्या अफवा गोळा केल्या. गंगेचं पाणी भूकंपाच्या वेळी गायब झालं. पाटण्यावर मोठं वादळ येतंय. २३ जानेवारी हा घाताचा दिवस. चंद्रग्रहणाला पुन्हा भूकंप. सगळ्या अफवा भीती वाढवणाऱ्या.

हा अभ्यास वीसेक वर्षांनी अमेरिकेत लिऑन फेस्टिंगरच्या हाती पडला आणि तो अडखळला. माणूस त्रास टाळतो म्हणतात, मग वाचलेली माणसं स्वतःला आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी का पसरवतील? त्याच्या हाती तुलनेला आणखी एक भारतीय अभ्यास होता: दार्जिलिंगला दरडी कोसळल्या, प्रत्यक्ष माणसं मेली, घरं गेली, तिथल्या अफवांवर दुर्गानंद सिन्हा यांनी १९५२ मध्ये लिहिलेला. तिथे ‘पुढे याहून मोठं संकट येतंय’ अशा अफवा आढळत नव्हत्या. फेस्टिंगरला उत्तर सापडलं. दार्जिलिंगच्या लोकांना घाबरायला कारण डोळ्यांसमोर होतं. पाटण्याच्या लोकांच्या छातीत भीती होती, पण समोर पडझड नव्हती. भीती आधी आली, कारण मागाहून शोधलं गेलं. मनातल्या दोन गोष्टी जुळेनात की माणूस त्या जुळवायला तिसरी गोष्ट रचतो. १९५७च्या बोधात्मक विसंवादाच्या सिद्धान्ताची वाट अशी बिहारमधून गेली.

२१ सप्टेंबर १९९५ तुमच्या आईवडिलांना नक्की आठवत असेल. पहाटे दिल्लीत बातमी उठली की गणपती दूध पितोय, आणि दुपारपर्यंत देशभर देवळांपुढे रांगा. लोकांच्या हाती मोबाइल नाही, इंटरनेट नाही, नुसते घरचे फोन आणि तोंडं. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं की पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढलं जाऊन मूर्तीवरून खाली ओघळतं. त्या दिवशी कुणाचं नुकसान झालं नाही.

नेहमी असं होत नाही. १ जुलै २०१८, रविवार. आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. बाजाराचा दिवस. भिक्षा मागून जगणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण सोलापूर जिल्ह्यातून आलेले. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज आधीच मोबाइलवरून फिरत होते. संशय आला, गर्दी जमली, त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही जण गेले.

ऑलपोर्ट आणि पोस्टमन यांनी १९४७ मध्ये अफवेचं सूत्र मांडलं होतं: विषय किती जिव्हाळ्याचा, गुणिले माहिती किती अंधुक. पोटच्या मुलापेक्षा जिव्हाळ्याचं काय असतं? आणि अनोळखी वेष, अनोळखी बोली, यापेक्षा अंधुक काय? गुणाकार असल्यामुळे दोन्हींपैकी एक शून्य झालं तरी अफवा मरते. मुलांची काळजी शून्य करता येत नाही, करूही नये. माहिती मात्र मिळवता येते: पोलीस पाटलाला एक फोन, आधारकार्ड बघणं, ‘बाबा, कुठले तुम्ही’ असा साधा प्रश्न. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल अशी मर्यादा आणली. पुढे ढकलायचा की नाही हे अजूनही अंगठाच ठरवतो.

गर्दीबद्दल दुसरी बाजूही सांगायलाच हवी. पुस्तकात बघ्यांचा परिणाम शिकवतात: लोक जास्त, मदत कमी. लाटाने आणि डार्ली यांच्या १९६८च्या प्रयोगात खोलीत धूर सोडला, तेव्हा एकटे बसलेल्यांपैकी ७५ टक्क्यांनी जाऊन सांगितलं. शेजारी दोघे जण ठरवून स्वस्थ बसलेले असले की फक्त १० टक्क्यांनी. पण २०१९-२०च्या सुमारास संशोधकांनी अ‍ॅमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊनच्या रस्त्यांवरची २१९ भांडणं सीसीटीव्हीवर पाहिली. दहापैकी नऊ भांडणांत कुणीतरी मध्ये पडलंच, आणि माणसं जास्त तशी कुणी मध्ये पडण्याची शक्यता जास्त. ‘लोक नुसते बघत बसतात’ हे सरसकट खरं नाही.

दोष कुणाचा?

एक वकील दुचाकीवर मागे एकाला बसवून कोर्टात चाललाय. टायर फुटतं, मागचा माणूस डोक्यावर पडतो. वकील त्याला दवाखान्यात सोडतो, डॉक्टरांशी नीट न बोलता कोर्टात निघून जातो. तो माणूस दगावतो. वकील असा का वागला?

जोअन मिलरने अशा वागण्यांची कारणं शिकागोच्या आणि म्हैसूरच्या लोकांना विचारली. १९८४चा तिचा अभ्यास जगभर शिकवला जातो. अमेरिकन मोठी माणसं स्वभावावर गेली: बेजबाबदार, स्वार्थी. म्हैसूरची मोठी माणसं परिस्थितीवर गेली: कोर्टात हजर राहणं त्याचं कर्तव्य होतं, तोही हादरलेला असेल. आणि कमाल ही की आठ वर्षांची मुलं दोन्हीकडे जवळपास सारखीच उत्तरं देत होती. वय वाढलं तसा फरक वाढत गेला. म्हणजे दोष कुणावर टाकायचा हेही आपण घरातून, गावातून शिकतो.

आपण परिस्थिती बघतो ही चांगलीच गोष्ट. पण ती सगळ्यांना सारखी मिळत नाही. गावात मूल आजारी पडलं, म्हैस आटली, तर कधीकधी बोट एका बाईकडे जातं, बहुतेक वेळा एकट्या, म्हाताऱ्या किंवा जमीन नावावर असलेल्या बाईकडे, आणि तिला डाकीण ठरवतात. सातपुड्याच्या पट्ट्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते या प्रथेशी वर्षानुवर्षं झगडताहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने अशा छळाला गुन्हा ठरवलं. मेल्विन लर्नरने १९६०च्या दशकात दाखवलं होतं की निष्पाप माणसाला त्रास होताना पाहणं माणसाला सहन होत नाही, मग तो त्रास थांबवता येत नसेल तर त्या माणसातच खोट काढतो. बाईवर बोट दाखवणं हे आजाराचं स्पष्टीकरण नव्हे, असहायतेला दिलेलं तोंड आहे, आणि त्याची किंमत सर्वांत दुबळ्याला पडते.

बोली बदलते, माणूस जवळ येतो

नंदुरबारच्या बाजारात एकच बाई मुलाशी भिलीत, भाजीवाल्याशी अहिराणीत, कापडवाल्याशी गुजरातीत आणि एसटीच्या कंडक्टरशी मराठीत बोलते. कुणी तिला शिकवलेलं नसतं. हॉवर्ड जाइल्सने १९७०च्या दशकात याचा सिद्धान्त बांधला: ज्याच्या जवळ जायचंय त्याच्यासारखं आपण बोलतो, ज्याच्यापासून दूर राहायचंय त्याच्यापासून बोली मुद्दाम लांब नेतो.

१९७७चा त्याचा आणि बूरीसचा प्रयोग झकास आहे. वेल्समध्ये वेल्श शिकणाऱ्यांना एक जण ऐटबाज इंग्रजीत विचारतो की ही मरायला टेकलेली भाषा तुम्ही शिकता कशाला? उत्तर देताना त्यांचं इंग्रजी एकदम जास्त वेल्श वळणाचं झालं. एका बाईने तर उत्तर दिलंच नाही. थोडा वेळ गप्प राहून तिने एका शिवराळ वेल्श क्रियापदाची रूपं माइकमध्ये म्हणून दाखवली.

पाड्यावरून आलेली मुलगी वर्गात शुद्ध मराठीत बोलते आणि फोनवर आईशी भिलीत, तेव्हा तिला हसणाऱ्यांनी समजून घ्यावं की ती दोन्ही ठिकाणी माणसं जोडण्याचं काम करतेय.

काठीच्या होळीत किती हृदयं

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी. व्रत धरलेले पुरुष मोरपिसांचे उंच टोप घालून, कमरेला घुंगरं आणि भोपळे बांधून, अंगावर पांढरी नक्षी काढून येतात. गावोगावचे ढोल. रात्रभर एका ठेक्यावर शेकडो पावलं, आणि होळी पेटते ती पहाटे.

एवढी मेहनत कशासाठी? एमिल दुर्खाइमने १९१२ मध्ये अशा सामूहिक उत्कटतेबद्दल लिहिलं, पण ते मोजलं गेलं २०११ मध्ये, स्पेनमधल्या सान पेद्रो मानरिके गावात. तिथे जूनच्या एका रात्री लोक निखाऱ्यांवरून अनवाणी चालतात. संशोधकांनी चालणाऱ्यांच्या आणि बघणाऱ्यांच्या छातीवर ठोके मोजणारी यंत्रं बांधली. चालणाऱ्याचे ठोके जसे चढले-उतरले, तसेच बाजूला उभ्या असलेल्या त्याच्या नातेवाइकांचे आणि मित्रांचे. बाहेरून आलेल्या पाहुण्यांचे नाही. आग एकच, पण ज्याचं कुणीतरी आत आहे त्याचंच काळीज त्या ठेक्यावर चालतं.

विल्टरमथ आणि हीथ यांनी २००९ मध्ये याहून साधं दाखवलं: काही मिनिटं नुसतं पावलाला पाऊल मिळवून चाललेले अनोळखी विद्यार्थी नंतरच्या पैशांच्या खेळात एकमेकांना जास्त सांभाळून घेतात. रात्रभराच्या नाचानंतर गावं काय कमावत असतील याचा अंदाज यावरून करा. होळीत नाचणं म्हणजे वेळ घालवणं, असं म्हणणाऱ्यांना हे खुशाल ऐकवा.

नाव, बापाचं नाव, जात

या लेखात मला सर्वांत जास्त जे सांगायचंय ते आता.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलांना कोडी दिली, कागदावरच्या चकव्यातून वाट काढायची. सुटलेल्या प्रत्येक चकव्याला पैसे. एका गटात कुणाची जात कुणाला सांगितली नाही. तिथे ‘वरच्या’ आणि ‘खालच्या’ म्हणवल्या जाणाऱ्या जातींच्या मुलांनी सारखीच कोडी सोडवली. दुसऱ्या गटात सुरू करण्याआधी प्रत्येक मुलाकडे वळून मोठ्याने वाचलं: नाव, गाव, बापाचं नाव, आजोबांचं नाव, जात. बरोबर असेल तर मान हलवायची. बस्स. तशीच मुलं, तेच कागद, तेच पैसे. आता दलित मुलांची कोडी ठळकपणे कमी सुटली.

अकलेत फरक नव्हता. खोलीतल्या चार लोकांना काय ठाऊक आहे, त्यात फरक होता. नंतर जगभर झालेल्या याच धर्तीच्या प्रयोगांत परिणाम कधी मोठा, कधी अगदी क्षीण निघालाय. पण जिथे जन्म असा चारचौघांत पुकारला जातो तिथलं हे निरीक्षण मला हलवून सोडतं. ज्या नंदुरबार जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत, तिथल्या प्रत्येक शिक्षकाने हे वाचायला हवं. शिष्यवृत्तीची यादी भर वर्गात जातीसकट वाचू नये. ‘तुमच्याकडची मुलं गणितात कच्चीच’ हे वाक्य कौतुकाच्या सुरातही म्हणू नये. यादी नोटीस बोर्डावर नुसत्या नंबरांनी लागते, त्याला खर्च शून्य.

मनातले साचे बदलतात का? बदलतात. पश्चिम बंगालच्या बीरभूममध्ये एकच भाषण गावकऱ्यांना ऐकवलं, काहींना पुरुषाच्या आवाजात, काहींना बाईच्या. जिथे कधी बाई प्रधान (म्हणजे सरपंच) झाली नव्हती, तिथल्या पुरुषांनी बाईचं भाषण कमी दर्जाचं ठरवलं. जिथे आरक्षणामुळे बाईचा कारभार पाहिला होता, तिथे हा फरक मिटला. पुढे त्याच भागातल्या ४९५ गावांच्या अभ्यासात दिसलं की दोन वेळा बाई प्रधान झालेल्या गावांत किशोरवयीन मुली आणि मुलगे यांच्या स्वप्नांतली दरी जवळपास एक तृतीयांशाने भरून आली. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के जागा आहेत. खुर्चीत बसलेली बाई भिंतीवरच्या घोषणेपेक्षा जास्त शिकवते.

आणि क्रिकेट. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशच्या खेड्यांत १,२६१ तरुण घेतले आणि त्यांतले काही तुलनेसाठी बाजूला ठेवून बाकीच्यांसाठी लीग भरवली. काही संघ एकाच जातीचे, काही मिसळलेले, आणि कोण कुठे जाणार हे चिठ्ठ्यांनी ठरवावं तसं निव्वळ योगायोगाने ठरवलं. एका संघात खेळलेल्यांच्या जातीबाहेरच्या मैत्र्या वाढल्या, जातभाईला झुकतं माप देणं घटलं. पण दुसऱ्या जातीच्या मुलांशी फक्त समोरच्या संघातून गाठ पडलेल्यांत बहुतेक बाबतीत उलटं झालं. एकाच मैदानावर, एकाच उन्हात भेटूनसुद्धा! भेटण्याला अर्थ कशाने येतो? एकमेकांना स्ट्राइक द्यावी लागते, कॅच सुटला की एकाच संघाने हरावं लागतं, त्याने. गॉर्डन ऑलपोर्टने १९५४ मध्येच बजावलं होतं की नुसता संपर्क पुरत नाही, ध्येय एक हवं.

गावाकडे टेनिस बॉलची टूर्नामेंट भरली की बहुतेक वेळा एका पाड्याचा एक संघ, एका गल्लीचा दुसरा. पुढच्या वेळी धानोऱ्यात सगळ्यांची नावं एका टोपीत टाका, लहान मुलाकडून चिठ्ठ्या काढून संघ पाडा. पहिल्या सामन्याला दुपारच्या जेवणात कोण कुणाशेजारी बसलं ते वहीत लिहा, फायनलच्या दिवशी पुन्हा लिहा. मुलींचा संघही पाडा. मग ती वही घेऊन कॉलेजात जा, आणि सरांना सांगा की प्रोजेक्ट तयार आहे.